दीड फुटाचा डोंगर

मी भिंत बोलतेय. घराची नव्हे, तेवढी माझी ऐपत नाही. काचेच्या पेटीत मागच्या बाजूला उभी असलेली, डोंगराच्या कड्यासारखी दिसणारी (निदान दिसावी अशी अपेक्षा असलेली) फोमची भिंत. रुंदी दोन फूट, उंची दीड फूट. दुरून बघितलंत तर खडक. टिचकी मारलीत तर पोकळ आवाज. म्हणून कृपा करून टिचकी मारू नका.

माझं काम म्हणजे कुणाच्या तरी मागे उभं राहणं. पेटीत सरडा, साप, विंचू असलं काहीतरी ठेवतात आणि त्याला आपण डोंगरातच आहोत असं वाटावं म्हणून मागे मी. चांगली भिंत कोणती, तर जिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही ती. अशा जणी घरोघरी असतात, त्यांना विचारा हवं तर.

माझा जन्म एका डब्यातून झाला. दाराच्या चौकटीभोवतीच्या फटी बुजवायला मिस्त्री लोक फवारतात, तोच फोम. नळी दाबली की पिवळट फेस येतो आणि बघता बघता दुपटीने फुगतो. बाबांना हे फुगणं माहीत नव्हतं. त्यांनी टेबलावर पुठ्ठा ठेवला, पुढे छान फुगवटे यावेत म्हणून त्यावर दोन कागदी पेले पालथे घातले, वर अख्खा डबा रिकामा केला आणि चहा करायला गेले. परत आले तेव्हा मी टेबलावरून खाली उतरत होते.

वाळल्यावर त्यांनी मागचा पुठ्ठा सोलला, पेले उपटून काढले. माझ्या पोटात दोन पोकळ्या राहिल्या. त्या कुणी भरल्या नाहीत. मागून कोण बघतंय.

बाबा म्हणजे ज्यांनी मला बनवलं ते. दुसरं काय म्हणणार त्यांना? पस्तीस वर्षं त्यांनी दातांच्या कवळ्या केल्या. मग दात मशीनवर व्हायला लागले आणि बाबांच्या हाताला काम उरलं नाही. बायको जाऊन आठ वर्षं झाली होती. मेण कोरायच्या त्यांच्या बारीक सुऱ्या खणात तशाच होत्या. त्यांनीच मला कोरलं. प्रत्येक भेग, प्रत्येक टवका. चार आठवडे ते माझ्यावर असे वाकून बसायचे, की त्यांचा श्वास माझ्या भेगांत जायचा. इतकं जवळून मला पुढे कुणीच बघितलं नाही. पण तेव्हा मला वाटायचं, आयुष्य असंच असतं.

मग रंग आला. सिमेंटच्या पातळ लेपात रंग कालवून तो ब्रशने द्यायचा. बाबांनी तो मोठ्या तंद्रीत दिला. खालच्या मजल्यावर राहणारी त्यांची धाकटी बहीण, म्हणजे माझी आत्या, वर आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"दादा, हा डोंगर आहे की हिरड्या?"

बाबांनी चष्मा वर करून पाहिलं. मी खरंच गुलाबी झाले होते. हाताची सवय, दुसरं काय. नंतर वरून तपकिरी, करडा असे चार हात बसले, पण उजेड तिरका पडला तर खालचा गुलाबी अजून डोकावतो. आणि माझे खडक जरा दाढांच्या वळणाचे आहेत हे मीही मान्य करते.

हा सगळा खटाटोप होता ताईसाठी. ताई म्हणजे बाबांची मुलगी, नात्याने माझी थोरली बहीण. तिने एक टॅरंटुला पाळली होती, तळहाताएवढा केसाळ कोळी. तिचं नाव बाईसाहेब. नोकरीसाठी लांब जाताना ताई म्हणाली, "बाबा, दोन-तीन महिने सांभाळा हिला. घर मिळालं की घेऊन जाते." घर मिळालं. दीड वर्ष झालं. बाईसाहेब साध्या काचपेटीत, मागे कोरी काच घेऊन बसलेल्या. ताई सुट्टीला येईल तेव्हा तिला दाखवू, म्हणून बाबांनी मला करायला घेतलं. सुट्टी दोनदा पुढे गेली. तोवर मी तयार झाले.

पेटीत बसवताना घोळ झाला. अर्ध्या मिलिमीटरवरून डॉक्टरांशी भांडणाऱ्या या माणसाने पेटीचं माप बाहेरून घेतलं होतं. काचेची जाडी विसरले. मी आत जाईना. मग उजवीकडून कापलं, ते जरा जास्तच कापलं गेलं. ती फट त्यांनी सिलिकॉनने बुजवली आणि सगळ्या कडा काचेला चिकटवून टाकल्या. मागची काच तर उजेड येऊ नये म्हणून बाहेरून काळी रंगवून टाकली. घरभर आंबट वास. खालच्या कोपऱ्यात तेवढं एक भोक ठेवलं, थर्मामीटरची वायर जायला. वायर शेवईएवढी, भोक अंगठ्याएवढं.

बाईसाहेबांना मी आवडले का, कळायला मार्ग नाही. त्या कमी बोलणाऱ्या. पण अंधारून आलं की आठही पाय टेकत माझ्यावर चढायच्या, इतक्या हळू, की जणू प्रत्येक पायाला आधी विचारायच्या. दिवसभरात मला झालेला स्पर्श तेवढाच.

रविवारी संध्याकाळी सात वाजता ताईचा फोन यायचा.

"बाबा, ती कशी आहे?"

"मजेत आहे."

"खाल्लं काही?"

"परवा एक नाकतोडा."

"पाणी बदलताय ना?"

"रोज."

"बरं. तुम्ही ठीक ना? चला, ठेवते."

एकूण चार मिनिटं. त्यातली साडेतीन बाईसाहेबांची. उरलेल्या अर्ध्या मिनिटाच्या जोरावर बाबांचा आठवडा जायचा.

मग एके दिवशी बाईसाहेब कोपऱ्यातल्या भोकापाशी आल्या. अंग चोरून, एकेक पाय आत ओढत त्या माझ्या मागे गेल्या, आणि डाव्या पोकळीत जाऊन बसल्या. तोंडाशी जाळं विणून दार लावून घेतलं. मला आयुष्यात पहिल्यांदा पोटात कुणीतरी असल्यासारखं वाटलं. तसं ते होतंच म्हणा.

बाबांनी सकाळी पाहिलं, पेटी रिकामी. झाकण नीट बंद होतं की नाही, त्यांना आठवेना. त्यांनी उशांच्या खोळी उलट्या केल्या, कपाटं ओढली, बूट झटकले. आत्या आली ती थेट खुर्चीवर पाय वर घेऊन बसली.

"मी तुझ्याकडे चहाला येते, दादा. जीव द्यायला नाही."

"ती काही करत नाही गं."

"ती नाही करत. माझं हृदय करतं. आणि पोरीला काय सांगणार आहेस?"

बाबा बॅटरी घेऊन पुन्हा पलंगाखाली वाकले. ती इथे आहे, इथे आहे म्हणून मी किती कळवळले असेन. पण भिंतीला तोंड नसतं, आणि मी तर धड भिंतही नाही.

त्या रविवारी ताईने विचारलं, ती कशी आहे. बाबा रिकाम्या पेटीकडे बघत म्हणाले, "मजेत."

"खाल्लं?"

"हो. नाकतोडा."

पुढच्या रविवारी ती म्हणाली, "जरा कॅमेरा लावून दाखवा ना." बाबा म्हणाले, "झोपलीये." फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ ते माझ्यासमोर बसून होते. मला कळत होतं ते काय मोजतायत. बाईसाहेब नसतील तर रविवारी सात वाजता बोलायचं काय?

तिसऱ्या रविवारच्या आधीच आत्याने सुचवलं, "त्या तुझ्या डोंगराच्या मागे बघितलंस का?" बाबांनी खणातून पातं आणलं. मला काचेपासून सोडवणं शक्य नव्हतं, त्यामुळे कापायलाच हवं होतं. पात्याचं टोक माझ्या डाव्या फुगवट्यावर टेकलं. नेमकं तिच्या पाठीवर. फोमचा एक बोटभर थर मध्ये. पातं टेकवल्यावर बाबांचा हात पस्तीस वर्षांत कधी अडला नव्हता. तो तेव्हा अडला. मला तोडायची इच्छा होत नसावी, असं मी मनाशी म्हणते. कदाचित नुसतं वयही असेल.

त्यांनी पातं खाली ठेवलं आणि स्वतःहून फोन लावला. वार होता गुरुवार.

"ताई, एक सांगायचंय. ती मजेत नाहीये. म्हणजे ती नाहीचये. सतरा दिवस झाले."

ताईने विचारलं, "भिंतीमागे जागा राहिलीये का?"

"वायरीपुरती. थोडी मोठी."

"आणि आतून भरीव आहे?"

"आत दोन पेले होते."

"पेले?"

"काढले नंतर."

ताई हसली की काय, कळलं नाही. "बाबा, कापू नका. ती कात टाकत असेल. त्या वेळी अंग लोण्यासारखं असतं, नुसता धक्का लागला तरी जाईल. वाट बघा. फोन समोर ठेवा, मीही बघते."

बाबांनी फोन बरणीला टेकवून उभा केला. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी सात वाजता ती दोघं माझ्याकडे बघत बसायची. दहा मिनिटं, अर्धा तास, तास. भोकाकडे डोळे लावून माणूस किती वेळ गप्प बसेल?

"बाबा, चष्मा नवीन आहे का?"

"सहा महिने झाले."

"आणि मला आत्ता दिसतोय."

"तू केस कापलेस."

"मार्चमध्ये."

मग कधी ती जेवता जेवता ऑफिसातल्या वरिष्ठांची नक्कल करायची. कधी बाबा तिला सांगायचे, कुणाची कवळी लग्नाच्या पंगतीत निसटून ताटात पडली होती. आत्या दारातूनच ओरडायची, "आली का बया?" आणि आत पाय न टाकता परत जायची. एकदा ताई म्हणाली, "ही भिंत छान केलीत हं." त्या रात्री... नाही, काही झालं नाही. मी भिंतच होते. पण मला ऐकू आलं होतं.

खरं सांगते, त्या दिवसांत मला वाटायचं, बाईसाहेबांनी बाहेर येऊच नये.

आल्या मात्र. फोन केल्याच्या तेविसाव्या दिवशी आधी दोन पाय दिसले, काळेभोर, नवे कोरे. बाबा ओरडले नाहीत. फक्त "अगं" म्हणाले. तिकडे ताईने तोंडावर हात धरला होता.

"मोठी झाली," बाबा म्हणाले.

"हो ना," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सात वाजता फोन आला नाही. बाबांनी तो बरणीला टेकवून ठेवला होता. साडेसातला उचलून खिशात घातला. पुन्हा रविवार सुरू झाले, चार मिनिटांचे.

महिन्याभराने ताई आली, दोन दिवसांसाठी. जाताना बाईसाहेबांना भोकं पाडलेल्या डब्यात घालून घेऊन गेली. मला नेता येणार नव्हतं. ओढलं असतं तर तुकडे झाले असते. तिने माझ्यावरून बोट फिरवलं.

"हिरड्या दिसत नाहीत ना?" बाबांनी विचारलं.

"थोड्या दिसतात," ती म्हणाली.

आता पेटी रिकामी आहे. बाबा अजून रोज तिच्यातला दिवा लावतात. आत्या म्हणते, "त्यात एखादं झाड तरी लाव. रिकामी पेटी काय बघत बसतोस?" बाबा म्हणतात, "बघू." बाईसाहेबांची जुनी कात माझ्या डाव्या पोकळीत तशीच आहे, आठही पायांसकट. ती कुणी पाहिलेली नाही. तेवढीच सोबत.

मागच्या बुधवारी बाबा सिलिकॉनची नळी घेऊन आले. कोपऱ्यातलं भोक बुजवायला वाकले. वाकून तसेच राहिले. मग नळीला टोपण लावलं, फोन काढला, बरणीला टेकवला.

"ताई, भिंतीमागे काहीतरी हललं बघ. मघाशी."

फोनमध्ये तिच्या खांद्यामागे फळी दिसत होती, फळीवर पेटी, आणि पेटीत बाईसाहेब, आठ पाय पसरून. ताईने एकदा मागे वळून त्यांच्याकडे पाहिलं. मग पुन्हा पुढे पाहिलं.

"कुठल्या बाजूला?"

"डावीकडे."

"थांबा. फोन हलवू नका. मी ताट घेऊन येते, मग नीट बघू."

त्या दिवशी तास झाला. काल पुन्हा झाला. आज सात वाजायला दहा मिनिटं आहेत आणि बरणी जागेवर आली आहे.

आत हलणारं काही नाही, हे आम्हा तिघांनाही ठाऊक आहे. म्हणून परत सांगते, कधी आलात या घरी तर लांबूनच बघा. टिचकी मारू नका. पोकळ आवाज येईल, आणि तो फोनवर ऐकू जाईल.