धूर आत का जात नाही

“गाडी तापली की रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नाही. आधी तिला विचार, बाई गं, तू तापतेस कधी?”

माझे यजमान तेओफिलो असं म्हणायचे, जणू गाडी म्हणजे दवाखान्यात आलेली पेशंटच. ते गेले आणि त्यांची टॅक्सी माझ्या हाती आली, तरी हे वाक्य अजून कानात आहे. मला संताप येतो तो याचा, की ज्यांचं पोट गाड्या दुरुस्त करण्यावर चालतं त्यांच्यातल्या एकालाही हा साधा प्रश्न सुचू नये!

ऑक्टोबर हा आमच्या लिमा शहरात क्रुसावरच्या प्रभूच्या पालखीचा महिना. महिनाभर मी जांभळा झगा घालते, कमरेला पांढरा दोर बांधते आणि पहाटे धूप दाखवल्याशिवाय पाण्याचा घोटही घेत नाही. शेजारची एउदोसिया माझ्या लेकीची धर्ममाता, म्हणून आम्ही एकमेकींना कोमाद्रे म्हणतो. तिचे गुडघे गेलेत. दोन वर्षं तिला पालखी दिसलेली नाही. यंदा मी तिला गाडीत घालून निघाले, आणि अबान्काय रस्त्यावरच्या गर्दीत तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला. बॉनेटमधून वाफ. एउदोसिया फुटपाथवर बसली आणि पालखी पलीकडच्या रस्त्याने निघून गेली. आम्हाला फक्त बँड ऐकू आला.

“जाऊ दे कोमाद्रे,” ती म्हणाली, “ऐकलं ना, तेवढं पुरे.”

“पुरे नाही. अठ्ठावीसला पालखी पुन्हा निघेल. तुला समोर नेते की नाही बघ. शब्द दिला.”

गल्लीच्या टोकाला उबाल्दोचं गॅरेज. सगळे त्याला मायेस्त्रो म्हणतात, म्हणजे उस्ताद. सप्टेंबरात इंजिन थंड करणारा जुना पंखा जळला तेव्हा नवा त्यानेच बसवला होता. त्याने बॉनेट उघडलं, पाण्यात बोट बुडवलं आणि निकाल दिला.

“इंजिनातलं हेड गॅस्केट उडालंय. इंजिन खोलावं लागेल. नोव्हेंबर उजाडेल.”

“पण मायेस्त्रो, मोकळ्या रस्त्यावर काही होत नाही. विमानतळावर जाऊन येते, काटा जागचा हलत नाही. गर्दीत रांगायला लागली की मगच...”

“पंखा फिरतोय ना? बघा की. डोळे आहेत ना?”

“फिरतोय.”

“मग? नवाकोरा आहे, मी बसवलाय.” मग बाकावर बसलेल्या टॅक्सीवाल्यांकडे वळून म्हणाला, “या क्लचवर पाय ठेवून गाडी हाकणार, इंजिन भाजून काढणार आणि नंतर आमच्या नावाने बोटं मोडणार!”

बाक हसला.

“दोन्या सोराइदा,” उबाल्दो मला म्हणाला, अगदी ‘बाईसाहेब’च्या सुरात, “तुम्ही आपल्या दोन मेणबत्त्या लावा. वर तुमची चांगली ओळख आहे.”

माझी कानशिलं तापली. माझं व्रत माझ्यापाशी. त्याची टिंगल करून यांना स्वतःचं अज्ञान झाकायचं होतं. मी पुढच्या गॅरेजात गेले. तिथल्या माणसाने बॉनेटसुद्धा उघडलं नाही. “उबाल्दो काय म्हणाला?” मी सांगितलं. “मग गॅस्केटच,” तो म्हणाला. झालं!

सत्तावीसच्या पहाटे मी गाडी अंगणात चालू करून ठेवली. निदान उभ्या उभ्या ती किती वेळात तापते ते बघावं म्हणून. तोवर धूपपात्र पेटवलं. गाडीतल्या आरशाला प्रभूची तसबीर टांगलेली आहे, म्हणून गाडीलाही धूप दाखवायची माझी रीत. समोर उभी राहिले. धूर सरळ वर चालला होता. गाडी तापली, पंखा खटकन सुरू झाला आणि सगळा धूर माझ्या तोंडावर आला. मी उजवीकडे सरकले, धूर तिथेही. डोळ्यांतून पाणी आलं.

हे भलतंच. तेओफिलो गाडीच्या पुढच्या जाळीसमोर वर्तमानपत्राचा कागद धरायचे आणि तो चटकन आत ओढला जाऊन जाळीला चिकटायचा. “बघ, कशी श्वास घेते,” म्हणायचे. आता ही आत घेत नव्हती, बाहेर टाकत होती. पंखा फिरत होता, पण उलटा! मोकळ्या रस्त्यावर पळताना समोरून येणारा वारा इंजिन थंड करतो. रांगताना सगळी भिस्त पंख्यावर, आणि तो आत येणाऱ्या हवेलाच हाकलून लावत होता.

मी धूपपात्र विझवलं नाही. तसंच सोबत घेऊन गाडी गॅरेजात नेली.

“हे काय, आता इथे चर्चमधली मिस्सा करणार?” उबाल्दो म्हणाला. बाक पुन्हा हसला.

“इथे समोर उभे राहा, मायेस्त्रो. पंखा चालू होऊ दे.”

पंखा चालू झाला. धूर त्याच्या नाकातोंडात गेला. तो खोकत मागे सरला, मग जाळीकडे बघतच राहिला. बाकावर कुणी हसलं नाही.

“पंख्याच्या तारा... दोन्ही काळ्याच येतात हो त्या. होतं असं कधीकधी.”

त्याने दोन तारांची अदलाबदल केली. धूर जाळीतून आत शिरला, ओढल्यासारखा. आम्ही बराच वेळ गाडी तशीच उभी चालू ठेवली. काटा मध्यावर आला आणि तिथेच थांबला.

“छोटीशी गोष्ट होती,” तो म्हणाला.

“त्या छोट्या गोष्टीसाठी तुम्ही माझं इंजिन खोलणार होता. आणि मी क्लचवर पाय ठेवून इंजिन भाजते म्हणालात, ते आता परत घ्या.”

तो काहीतरी पुटपुटला.

“मोठ्याने. माझा आवाज लहान आहे, तुमचा नाही.”

“चूक माझी होती!” तो बाकाकडे न बघता ओरडला. मग कपाटातून कागदात गुंडाळलेली मिठाईची वडी काढून पुढे केली. पालखी परतेपर्यंत मी गोड खात नाही. तरी घेतली, कोमाद्रेसाठी. राग मात्र गेला नव्हता. आजवर याने कितीजणांची इंजिनं अशी उगाच खोलली असतील?

अठ्ठावीसला सकाळी गाडी थंड असताना झाकण उघडून पाणी बघितलं. पुढच्या सीटवर उशी ठेवली आणि एउदोसियाचं दार वाजवलं. ती जांभळा झगा घालून तयार बसली होती, काठी मांडीवर.

“तापेल का गं पुन्हा?”

मी गाडीचं दार उघडलं. तिचा हात धरून तिला बसवलं, दार हलकेच लावलं आणि गाडी अबान्कायकडे वळवली.