बदक वाढेपर्यंत

सूक्ष्मदर्शकाखालच्या थेंबात बहुतेक यीस्टपेशी गोल होत्या, मेलेल्या. मधूनच एखादी लांबट दिसे, एका टोकाला निमुळती, चर्चच्या खिडकीच्या कमानीसारखी. त्या जिवंत होत्या, वाईनला वास आणणाऱ्या. मायलिसने भिंग सरकवून पुन्हा पाहिलं. थेंब गेल्या सालच्या वाईनचा होता, सिल्व्हाँकाकाने घडवलेल्या पिंपातला.

शेजारच्या पोलादी टाकीत यंदाची वाईन आंबून शांत झाली होती. नैर्ऋत्य फ्रान्समधल्या मादिरानची, तन्नात जातीच्या द्राक्षाची. काळीभोर, जीभ आवळून धरणारी. ती अजून स्वच्छ होती. उद्या सकाळी ती काकाच्या पिंपांत भरायची होती, आणि एकदा भरली की तिलाही तोच वास धरणार होता, तबेल्याचा, ओल्या खोगिराचा. पिंपांना कढत पाणी देऊन झालं, गंधकाची धुरी देऊन झाली, वास गेला नाही. लाकूड आतपर्यंत बाधलं होतं. फक्त बाबांशी बोलणं राहिलं होतं. काका जाऊन कैक वर्षं झाली, तरी बाबा तळघरात शिरताना पहिल्या पिंपावर हात ठेवत, माणसाच्या खांद्यावर ठेवावा तसा.

स्वयंपाकघरात आई बदकाच्या तंगड्या त्यांच्याच चरबीत खरपूस करत होती.

"पुन्हा पाहिलंस?" आईने, ओदीलने, मान न वळवता विचारलं.

"हो. आणि बाबा म्हणतात, आपल्या मातीचा वास आहे."

"माती म्हणे. नासलेलं दूध मला कळतं, वाईन कळणार नाही? बदक वाढेपर्यंत मी कुणाला बाटली उघडू देत नाही, ते काय रीत म्हणून? चरबी पोटात गेली की वास जाणवत नाही."

मायलिस तिच्याकडे वळली. "मग इतकी वर्षं गप्प का बसलीस?"

"दोघा भावांच्या मध्ये कोण पडेल, बाई? सिल्व्हाँ होता तेव्हा नाही पडले, गेल्यावर कशी पडू?" तिने तंगडी उलटली. "तुलूझहून वाईन घ्यायला आलेला तो व्यापारी तळघरातच उभ्याउभ्या चाखून गेला. जेवायला थांबला असता तर गोष्ट वेगळी होती."

तो कळवतो म्हणाला होता. कळवलं नव्हतं.

जेवायच्या टेबलाशी बाबांनी, एलोईने, रिकामा पेला पुढे केला.

"ओत."

"थांब, वाढतेच आहे," ओदील म्हणाली.

"लग्न झाल्यापासून थांबतोय. पोपला वाढायचंय का तुझं बदक?" त्याने गेल्या सालची वाईन स्वतःच ओतून घेतली आणि कोरड्या तोंडी घोट घेतला. बराच वेळ तोंडात धरला. गिळताना त्याची नजर खिडकीकडे गेली.

"शेतावरच्या आपल्या जुन्या घोडीचा वास आहे," तो म्हणाला. दुसरा घोट त्याने घेतला नाही. पेला थोडा दूर सरकवला. "उद्या पिंपं भरताना पाइप तू धर, पोरी. माझी कंबर धरलीय."

बाहेर नोव्हेंबरचं धुकं वेलींच्या काळ्या खुंटांवर उतरून बसलं होतं.

"काय शास्त्रीणबाई," त्याने हसायचा प्रयत्न केला, "भिंगातून काय दिसलं, वाईन की देव?"

ओदील तवा हातात घेऊन दारातच थबकली. मायलिसने काटा ताटलीत ठेवला.

"बाबा, यंदाची वाईन काकाच्या पिंपांत जाणार नाही. ती पिंपं मी जाळणार आहे."