मॉरिसव्हिलच्या हिरवळीवरची लिंकन

मी एक जुनी लिंकन कॉन्टिनेंटल मोटार आहे. १९६४ साली मिशिगनमधल्या कारखान्यातून बाहेर पडले, तेव्हा माझा काळा रंग इतका चकचकीत होता की कामगार त्यात बघून केस नीट करत. आज नॉर्थ कॅरोलायनातल्या मॉरिसव्हिल गावी, एका घरामागच्या हिरवळीवर मी उभी आहे. चारही टायर बसले आहेत. मित्रांनो, उद्या मला न्यायला ट्रक येणार आहे. त्याआधी माझी हकिकत ऐका.

माझे पहिले मालक डॉक्टर होते. त्यांनी मला अखेरपर्यंत जपलं. ते गेल्यावर त्यांच्या मुलीने मला जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात विक्रीला ठेवलं. तिथे राजाराम आला. त्याला मी कधी मालक मानलं नाही, म्हणून एकेरीच बोलते. तो नागपूरचा, इथल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करणारा. बरोबर त्याची नऊ वर्षांची मुलगी नेत्रा आणि मित्र विनय.

त्या दिवशी आम्ही चौघी जुन्या गाड्या शेजारी शेजारी उभ्या होतो. कॅडिलॅकचे मागचे पंख माणसाच्या कमरेच्या वर जात होते आणि तिचे लाल दिवे दिवसाही पेटल्यासारखे दिसत. पॅकार्ड वयाने सगळ्यात मोठी. तिचं इंजिन इतकं शांत की चालू आहे की नाही हे हात लावून बघावं लागे. इम्पिरिअलचे पुढचे दिवे समयांसारखे सुटे उभे होते. राजारामचा जीव कॅडिलॅकवर जडला. विनय पॅकार्डवर अडून बसला. दोघांनी बराच वेळ वाद घातला, शेवटी नेत्राला विचारलं. ती माझ्यापाशी उभी होती. माझी पुढची आणि मागची दारं कपाटासारखी मधून उघडतात, ती उघडमीट करत होती.

"धिस वन, बाबा," ती म्हणाली. "बाकीच्या शो ऑफ करतात. ही नाही करत."

राजाराम हसला. कॅडिलॅककडे त्याने एकदा डोळे भरून पाहिलं आणि मला घरी आणलं.

मग माझे सुखाचे दिवस आले. दर शनिवारी तो मला स्वतः धुवायचा. पेट्रोल भरायला थांबलो की अनोळखी माणसं जवळ येऊन माझं वय विचारत आणि राजाराम ते असं सांगायचा जणू लेकीचे मार्क सांगतो आहे. गणपती माझ्या मागच्या सीटवरून घरी येई. नेत्रा त्याला दोन्ही हातांनी धरून बसे. पुढच्या काही वर्षांत इथल्या मराठी मंडळातल्या तीन-चार नवऱ्यामुलींना मी लग्नाच्या हॉलपर्यंत पोचवलं. गाड्यांच्या मेळाव्यांनाही आम्ही जातच राहिलो, आणि राजाराम दर वेळी कॅडिलॅकपाशी रेंगाळून परत माझ्याकडे येई. एकदा तो हळूच म्हणाला, "पोरीनं बरोबर निवडलं होतं." मला त्या कौतुकाने आजही भरून येतं.

नेत्रा पंधरा वर्षांची असताना राजारामची नोकरी गेली. त्याचा अख्खा विभागच बंद झाला. ग्रीन कार्डाच्या रांगेत तो इतकी वर्षं उभा होता, पण नोकरीशिवाय इथे राहण्याची मुदत फार थोडी असते. दुसरी नोकरी त्या मुदतीत मिळाली नाही. नेत्रा जन्माने इथली, तरी आईबाबांबरोबर तिलाही नागपूरला जावं लागलं. घरातलं सामान विकलं गेलं. मला विकत घ्यायला जवळच्या रॅली शहरातून एक शौकीन आला होता, पण राजारामने त्याला परत पाठवलं. आपण परत येऊ, असं त्याला वाटत होतं. माझी किल्ली त्याने विनयच्या हातात दिली.

"आठवड्यातून एकदा तरी ड्राइव्ह कर हिला," तो म्हणाला. "आणि मला फोन करून सांगत जा, कशी चालतेय ते."

विनय मनाने वाईट नव्हता. सुरुवातीला तो मला फिरवायचा, फोनही करायचा. मग एकदा बाजाराच्या पार्किंगमध्ये कोणाची तरी ट्रॉली मला घासता घासता राहिली. तो घाबरला. मित्राची ठेव, तिला ओरखडा आला तर काय सांगायचं? त्याने मला आपल्या घरामागच्या हिरवळीवर उभं केलं आणि वरून जाड ताडपत्री बांधली. सांगायला काही उरलं नाही, तसे फोनही थांबले.

ताडपत्रीखाली ओल साठली. माझ्या तळाला गंज चढला. उंदरांनी सीटमध्ये घरं केली, वायरी कुरतडल्या. टाकीतलं पेट्रोल नासून चिकट झालं. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र वाटे, किती नीट ठेवली आहे.

गेल्या आठवड्यात नेत्रा आली. ती आता इथल्या विद्यापीठात शिकायला आली आहे. तिने गाठी सोडल्या, ताडपत्री ओढली आणि माझ्याकडे पाहत राहिली. तिच्या बोलण्यातून मला कळलं की राजाराम या हिवाळ्यात नागपूरला हृदयविकाराने गेला.

"काका, तुम्ही हिला चालवलंच नाही?"

"भीती वाटायची गं," विनय म्हणाला. "वाटलं, झाकून ठेवली तर सेफ राहील."

"आणि बाबांना फोन?"

"इथलं काही ऐकलं की त्याला त्रास होईल असं वाटायचं. कशाला जखम उघडायची."

"रविवारी सकाळी ते फोन हातात घेऊन बसायचे, काका. म्हणायचे, तिकडे आता शनिवारची रात्र, विनय मोकळा असेल."

विनय माझ्या बॉनेटवर हात टेकून उभा राहिला. माझ्या अंगात इंजिनाची धडधड असती तर मी त्याला आधार दिला असता.

मेकॅनिकने मला खालून पाहिलं आणि नुसती मान हलवली. सांगाडाच गंजून गेला आहे. उद्या माझे सुटे भाग काढतील. कुठल्या तरी दुसऱ्या लिंकनला ते लागतील. नेत्राने त्याला होकार दिला आणि मग दुपारभर माझ्या पुढच्या सीटवर बसून रडली.

संध्याकाळी विनय तिच्या शेजारी येऊन बसला. त्याने तिच्या आईचा नंबर मागितला. नागपूरला पहाट झाली असेल, थोडं थांबावं का, असं त्याने विचारलं. नेत्रा म्हणाली, आई उठलेली असते. त्याने फोन लावला.

"शैलजावहिनी, मी विनय बोलतोय," तो म्हणाला, आणि पुढे त्याला बोलता येईना. पलीकडूनही कोणी बोललं नाही. पण कोणीच फोन ठेवला नाही.

मित्रांनो, मला कोणी दगड मारला नाही, मला कुठे धडकवलं नाही. मी गेले ती जपणाऱ्याच्या काळजीमुळे. तुमच्याकडे कोणाची आवडती वस्तू असेल तर ती वापरा. एखादा ओरखडा पडला तर पडू द्या. आणि दूर गेलेलं तुमचं कोणी असेल तर त्याला दुखेल म्हणून गप्प बसू नका. आज सवड असेल, तर आजच फोन करा.