फुलीशेजारचा ठिपका

ज्यांनी रीजन्सी काळातल्या, म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमधल्या, प्रेमकथा वाचलेल्या नाहीत, त्यांना त्यांची खरी अडचण माहीत नसते. दोन-तीनशे वाचून झाल्या की कुठली वाचली आणि कुठली राहिली, हेच कळेनासं होतं. सगळ्यांत एक ड्यूक असतो. कुणीतरी कधीतरी त्याचं मन मोडलेलं असतं, म्हणून तो जगाशी तुसडेपणाने वागतो. एक गरीब आणि तोंडाळ मुलगी असते. नाचाच्या समारंभात तो तिचा अपमान करतो. मग पाचशे मेणबत्त्या, एक बग्गी, भलत्याच्या हाती पडलेलं एक पत्र आणि शेवटी लग्न. माझा नवरा म्हणतो, "तोच ड्यूक, तीच बाई, फक्त पडद्यांचा रंग वेगळा." स्वतः जन्मभर पेपराचं एकच पान वाचत आलाय, पण ते जाऊ दे.

म्हणून वाचनालयातले मुरलेले वाचक पुस्तकात गुपचूप खूण करून ठेवतात. कुणी पानाच्या आकड्याभोवती गोल काढतं, कुणी शेवटच्या पानाचा कोपरा दुमडतं. मी आणि ताई शाळेत असल्यापासून सदतिसावं पान वापरतो, कारण तोवर अपमान होऊन गेलेला असतो. खालच्या कोपऱ्यात ताईची पेन्सिलने काढलेली बारीक फुली आणि माझा ठिपका. माझा ठिपका शाईचा. मी लाँड्रीत कपड्यांवर नंबर टाकते, आणि ती शाई सोड्याच्या उकळत्या पाण्यातही जात नाही. पुस्तक निवडताना आधी सदतिसावं पान उघडायचं. आपली खूण दिसली की मुकाट्याने परत ठेवायचं.

ताई आणि मी अकरा वर्षं एकमेकींशी बोललेलो नव्हतो. पण वाचनालय एकच राहिलं. ती मंगळवारी जायची, मी शुक्रवारी, आणि हे वार आम्ही ठरवलेले नव्हते, आपोआप पडले. नवी पुस्तकं सोमवारी यायची, त्यामुळे ती नेहमी माझ्या आधी वाचायची. माझ्या हातात पुस्तक यायचं तेव्हा कोपऱ्यात तिची फुली असायची. मी वाचून झालं की फुलीला अगदी खेटून ठिपका द्यायचे. लोक भावंडांचे फोटो भिंतीवर लावतात. माझ्याकडे ही एवढी फुली आणि एवढा ठिपका होता. कुणाला सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं. पण ताई काल हे वाचत होती, इथे हसली असेल, इथे तिने पान दुमडून चहा टाकला असेल, असं मनात येत राहायचं आणि मला बरं वाटायचं.

मग आठ महिन्यांपूर्वी वाचनालयाच्या बाईंनी मला विचारलं, नव्या पुस्तकांना प्लॅस्टिकची कव्हरं घालून द्याल का. त्यांची बोटं आता आखडतात. मी हो म्हटलं. तेव्हापासून पुस्तकं सोमवारी येऊन शुक्रवारपर्यंत कपाटात थांबायला लागली. मी कव्हरं घालायची, हवी ती सगळ्यांच्या आधी घरी न्यायची आणि उरलेली मांडणीवर लागायची. मोबदला म्हणाल तर हाच, आणि मला तो भरपूर होता.

फुल्या बंद झाल्या त्या तेव्हापासून. मी वाचून परत केलेली पुस्तकं दर शुक्रवारी उघडून बघायची. माझा ठिपका एकटाच. एक महिना, दोन महिने. ताईच्या डोळ्यांचं काहीतरी झालं असेल, मी म्हटलं. आईचेही उतारवयात गेलेच होते. मग वाटलं, अंथरुणाला खिळली असेल. मेली असती तर कुणीतरी कळवलं असतं, असं स्वतःला सांगून बघितलं, पण आमच्या घरात कळवण्याचा इतिहास काही चांगला नाही. बाईंना विचारलं असतं तर एका वाक्यात उत्तर मिळालं असतं. पण त्यांनी मंगळवारी ताईला सांगितलं असतं की शुक्रवारच्या बाई चौकशी करत होत्या, आणि तेवढं नमतं घ्यायची माझी तयारी नव्हती.

आठव्या महिन्यात मात्र मी गेले. एका रविवारी सकाळी, बस बदलून. वाटेत मी काय काय ठरवत होते, ते सांगायचीही लाज वाटते. दोष त्या कादंबऱ्यांचा आहे. त्यांच्यात बहिणी बहिणी दुरावल्या की शेवटून दुसऱ्या प्रकरणात एक दुसरीच्या दारात येते. ती आजारी असते, किंवा निदान फिकट पडलेली असते. मग कळतं की सगळा गैरसमज होता. त्या पुस्तकांत कुणी कुणाला मुद्दाम दुखवतच नाही.

ताईने दार उघडलं. ठणठणीत होती. चष्मा जुनाच, केस रंगवलेले, हातात भाजी चिरायची सुरी. माझा जीव भांड्यात पडला आणि पाठोपाठ मला तिचा रागही आला.

"कोण गेलं?" तिने विचारलं.

"कुणी नाही. तुला बघायला आले."

तिने मला आत घेतलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. टेबलावर वाचनालयाची तीन पुस्तकं होती. तिन्ही खुनाच्या कथा. ताईला खुनाच्या कथा कधी आवडल्या नाहीत; खुनी कोण ते ती पहिल्याच बैठकीत ओळखते आणि मग कंटाळते.

"तू आपली पुस्तकं सोडलीस?" मी म्हटलं. "तुझी फुली दिसत नाही कुठे. मला वाटलं, डोळे..."

"डोळे चांगले आहेत." ती चिरलेल्या तुकड्यांकडे बघत म्हणाली. "तुझा ठिपका असला की मी ते पुस्तक ठेवून देते."

"का?"

"बारके, तो ठिपका बघितला की मला तुझा हात दिसतो. पुढे वाचवत नाही. आधी बरं होतं, मी पहिली वाचायचे. मला वाटायचं, तू सोडलंस वाचनालय. आता दर मंगळवारी नवीन सगळी उघडून बघते आणि ही असली घेऊन येते."

म्हणजे अकरा वर्षं मी तिच्या फुलीला खेटून बसत होते, आणि आता तो ठिपका दिसायला लागल्यावर ती मला बघताच उठून जात होती. मी पाण्याचा पेला हातात फिरवत बसले.

"एक विचारू?" ताई म्हणाली. "आईच्या वेळी तू मुद्दाम कळवलं नाहीस का?"

"गडबडीत राहून गेलं."

"तीन दिवस दवाखान्यात होती ती."

"तीन दिवस गडबडच होती, ताई."

यात खोटं काही नव्हतं. खरं किती होतं, हे मात्र मलाही नक्की सांगता येत नव्हतं. दोन वर्षं आई माझ्याकडे अंथरुणावर होती. तिचं हगणं-मुतणं मी काढलं, रात्री-अपरात्री कूस मी बदलली. ताई महिन्यातून एकदा यायची, उशाशी बसून एक ड्यूक वाचून दाखवायची आणि संध्याकाळच्या बसने परत जायची. पुढचे आठ दिवस आई येईल-जाईल त्याला सांगायची, थोरलीचा आवाज किती गोड आहे. मीही एकदा वाचून दाखवायला बसले होते. आई म्हणाली, "राहू दे, तू दमली असशील." दवाखान्यात फोन माझ्या पिशवीत होता. तिसऱ्या दिवशी मी तो बाहेर काढला, तोवर आई गेली होती. एवढंच मला ठाऊक आहे, आणि अकरा वर्षं मी ते याहून जास्त उकरून पाहिलेलं नाही.

ताईने भांडण केलं नाही. भांडली असती तर फार बरं झालं असतं. निघताना दारात ती म्हणाली, "मला तुझ्याकडून काही नको. फक्त नवीन पुस्तकं आधी मला वाचू दे. पुढच्या मंगळवारपर्यंत त्यांच्यावर खूण करू नकोस. मग तुझं तू काय ते कर. मला दुसरा विरंगुळा नाही गं."

"बरं," मी म्हटलं. अकरा वर्षांत तिने मागितलेली ही पहिली गोष्ट होती, आणि ती देणं किती सोपं होतं.

त्या शुक्रवारी कपाटात बावीस नवी पुस्तकं होती. बाईंनी प्लॅस्टिकचा रोल, कात्री, चिकटपट्टी काढून दिली आणि त्या पलीकडे कार्डं लावत बसल्या. मी खरंच ठरवून आले होते. एकही घरी न्यायचं नाही, एकही उघडायचं नाही. सहा पुस्तकांना कव्हरं घातली आणि सहाही कोरी ठेवली. मनात आलं, मंगळवारी ताई सदतिसावं पान उघडेल, कोपरा रिकामा दिसेल आणि तिला कळेल. मला बरंच हलकं वाटत होतं.

सातव्या पुस्तकाच्या मागच्या बाजूला गोष्ट थोडक्यात छापली होती. दोन बहिणी, धाकटीने घराचं नाव घालवलेलं, थोरलीने तिला टाकलेलं. मी कधी करत नाही ते केलं, शेवटची पानं उघडली. थोरली बग्गीतून उतरून चिखलातून धावत येते, धाकटीला मिठी मारते आणि म्हणते, तू एकटीने किती सोसलंस, मला कळलंच नाही.

ताई हे पुस्तक वाचणार होती. ती वाचून रडेल, मला माहीत होतं. अशा जागी ती नेहमी रडते. कागदावरच्या कुठल्याशा धाकटीसाठी रुमाल काढेल, फुली करेल आणि पुस्तक परत देईल. मला मात्र तिने पाणी दिलं होतं आणि एक खुर्ची.

मी पर्समधून लाँड्रीचं पेन काढलं. सातव्या पुस्तकाचं सदतिसावं पान उघडून कोपऱ्यात ठिपका दिला. मग आधीची सहा परत ओढली, त्यांच्यावर दिला. मग उरलेली पंधरा. घाई केली नाही. प्रत्येक ठिपका वाळू दिला, पुढच्या पानाला डाग लागू नये म्हणून. कव्हरंही नीट घातली, कोपरे दुमडून.

पुढच्या शुक्रवारी मी गेले तेव्हा बावीसच्या बावीस पुस्तकं मांडणीवर उभी होती.

"तुम्हाला ठाऊक आहेत का त्या?" बाईंनी विचारलं. "उंचशा, मंगळवारी येतात. उभ्या उभ्या सगळी नवी पुस्तकं उघडून बघितली. एकेक, बावीस. मग कार्ड माझ्यापुढे ठेवलं, म्हणाल्या, नाव काढून टाका. मी म्हटलं, काही चुकलं का आमचं? तर म्हणाल्या, नाही, माझ्याच एका प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं, ते मिळालं. तुमच्या ओळखीच्या आहेत?"

"नाही," मी म्हटलं.

सातवं पुस्तक मी घरी आणलं आणि दोन दिवसांत वाचून काढलं. चांगलं होतं. त्यातल्या बहिणींचं सगळं एका हरवलेल्या पत्रावरून बिनसलेलं असतं; पत्र सापडतं आणि सगळं मिटतं. आमच्यात हरवलेलं काही नव्हतं. ताईला मी पहिल्यापासून बरोबर कळले होते. कळायची राहिले होते ती माझी मलाच. बावीस ठिपके दिले तेव्हा माझ्यामागे कसली गडबड नव्हती, दवाखाना नव्हता, थकवा नव्हता. हात अगदी स्थिर होता. आईच्या वेळी पिशवीत फोन होता, तेव्हाही हात असाच स्थिर होता.