ठोकेबाबांची मूठ आणि शिंप्याचं हृदय

हॉल खचाखच भरला होता. मंचावरच्या पडद्यावर एका ऑपरेशनच्या चित्रफितीतली हृदयाच्या ठोक्यांची हिरवी रेघ टुकटुक उड्या मारत होती. खाली प्लास्टिकचा टब होता. भक्तांनी आपापल्या औषधाच्या गोळ्या त्यात अर्पण करायच्या.

"बघा!" ठोकेबाबांनी मूठ वळली. रेघ बारीक होत होत जवळजवळ आडवी झाली. "या शिंप्याच्या छातीवर सुरी चालली होती, आणि प्राण होता इथं! माझ्या मुठीत!" मूठ उघडली, रेघ उसळली, टाळ्यांचा कडकडाट झाला. काय तर म्हणे, प्राण मुठीत! जसा काही रुमालच.

पहिल्या रांगेत शिंपी हात जोडून बसला होता आणि शेजारी त्याची बायको संतापाने धुमसत होती. त्याच्या हृदयाचं ऑपरेशन छान पार पडलं होतं. पण तिचा सख्खा भाऊ बाबांचा पट्टशिष्य. त्यानं नवऱ्याच्या डोक्यात खूळ भरलं आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या टबात गेल्या.

"अहो, जोडलेली रक्तवाहिनी बुजली तर?" तिनं विचारून विचारून जीभ झिजवली.

"बाबा बघून घेतील," एवढंच उत्तर.

म्हणून आज ती ऑपरेशनच्या वेळच्या भूलतज्ज्ञ बाईंनाच घेऊन आली होती.

डॉक्टरबाई उठल्या. "ही चित्रफीत कुणी काढली?"

"मी!" भाऊ छाती फुगवून म्हणाला. "नातेवाइकांच्या खोलीतल्या टीव्हीवर दिसत होतं, ते मोबाइलवर घेतलं."

"आणि लगेच मला पाठवलंस, दादा. माझ्याकडे अख्खी आहे." बायको तरातरा मंचावर चढली आणि पडद्याची वायर तिनं स्वतःच्या मोबाइलला जोडली.

तीच हिरवी रेघ. पण खाली आता एक लाल लाटही होती. हिरवी आडवी झाली. लाल जराशी उतरली, पण चालत राहिली.

"लाल लाट रक्तदाबाची," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हृदय थांबलं असतं तर तीही झोपली असती. आम्ही हे ऑपरेशन धडधडत्या हृदयावरच करतो. मागची रक्तवाहिनी जोडायला सर्जन हृदय उचलून कलतं करतात. ते जागचं हललं की त्याची वीज छातीवर चिकटवलेल्या पट्ट्यांपर्यंत नीट पोचत नाही, रेघ बारीक होते. उचलण्याआधी ते मला सांगतात, मी लाल लाटेवर डोळा ठेवते. हृदय जागेवर ठेवलं की रेघ पुन्हा उंच. आमचं रोजचंच काम! बाबांनी लाल लाट कापून टाकली, एवढाच चमत्कार."

"नास्तिक बाई!" बाबा गरजले.

"असेन. मग शिक्षा म्हणून माझं हृदय थांबवा. या ताई नाडी धरतील. वळा मूठ!"

मूठ काही वळेना. "आज ग्रहमान..." बाबा पुटपुटले आणि हॉलमध्ये हशा पिकला.

शिंपी पांढराफटक पडला. तो टबाकडे धावला, त्याच्यामागे आणखी लोक.

"थांबा!" डॉक्टरबाई ओरडल्या. "त्या ढिगातली गोळी कुणीही तोंडात घालू नका! थेट आपापल्या डॉक्टरांकडे जा. आणि पुन्हा कुणी चमत्कार दाखवला, तर आधी विचारा, यात लपवलंय काय? विचारल्यानं कुणी मरत नाही हो. न विचारल्यानं मरतात."

बायकोनं नवऱ्याचा दंड धरला. "चला आधी दवाखान्यात. भांडण घरी गेल्यावर. आणि दादा, तो टब उचल. पोलिसांना दाखवायचाय."