अकराव्या मिनिटाची धास्ती

मी फुटबॉलच्या मैदानावरच्या पूर्वेकडच्या स्टँडचा सहावा खांब बोलतोय. जरा हळूच बोलतोय, कारण मोठ्यानं बोललो तर आतलं काहीतरी सुटेल अशी भीती मला कायम वाटते. खांब म्हटला की तो धीराचाच असणार, असं लोक धरून चालतात. मी मात्र जन्माचा भित्रा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

कारखान्यात जाड पत्रा वाकवून, शिवण जोडून मला बनवलं. आतून मी पोकळ. ट्रकमधून आणून बारा भावांना एका रांगेत उभं केलं, तळाला चार-चार बोल्ट आवळले, वर तुळई टाकली. मग लाकडी बाकांच्या पायऱ्या आल्या, त्यांच्यावर पत्र्याचं छत आलं. मी पायऱ्यांमधून वर निघून छतापर्यंत जातो. त्यामुळे माझ्यामागे बसणाऱ्याला डावीकडचा गोलपोस्ट दिसतच नाही. तरीही तीच जागा पकडायला तासभर आधी येणारे महाभाग मी पाहिलेत.

त्यातला पहिला पोस्टमन. आता निवृत्त झालाय, पण सगळे अजून पोस्टमनच म्हणतात. त्याच्या शेजारी बाई, म्हणजे शाळेत पी.टी. शिकवणाऱ्या. आणि मला पाठ टेकून बसणारा वेल्डर. चाळीस वर्षं या तिघांची बैठक माझ्या बुडाशी. मॅच सुरू व्हायच्या आधी क्लबचा सगळा इतिहास उगाळून झाल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

"चाळणीसारखा गोलकीपर पुन्हा होणे नाही," पोस्टमन म्हणायचा.

"नकोच व्हायला," बाई म्हणायच्या. "एका मोसमात एकसष्ट गोल खाल्ले त्यानं!"

"पण सुटलेला प्रत्येक चेंडू किती प्रेमानं बघायचा!"

सगळ्यात मोठं भांडण चषकाच्या गोलचं. आमच्या क्लबनं आयुष्यात एकच चषक जिंकला, तोही डावखुऱ्याच्या शेवटच्या मिनिटाच्या गोलमुळे. डावखुरा म्हणजे अकरा नंबरची जर्सी घालणारा. गोल मारला की धावत आमच्या स्टँडसमोर यायचा आणि लहान पोरासारखा उड्या मारायचा.

"गुडघ्यानं मारला होता," पोस्टमन ठासून सांगायचा.

"डोक्यानं! आणि तुम्हाला काय दिसलं? तुमच्यासमोर तर खांब होता."

"खांब होता म्हणून काय झालं? आवाजावरून कळतं मला."

वेल्डर हसायचा आणि कोणाचीच बाजू घ्यायचा नाही. मला कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं, चेंडू खांद्याला लागून आत गेला होता. पण खांबाला कोण विचारतो?

त्या चषकाच्या आनंदात दोन गोष्टी झाल्या, आणि तिथून माझी झोप उडाली ती उडालीच.

पहिली म्हणजे, वेल्डरनं झेंडा लावायला माझ्या छातीत भोक पाडलं. तेव्हा तो जवान होता. भोकात कडी बसवली, तिच्यात झेंड्याची काठी. दोन मोसमांनी झेंडा छतावर गेला, कडी निघाली, भोक राहिलं. छताची पन्हळ नेमकी त्याच्यावर गळायची. दर पावसात थोडं पाणी आत जायचं आणि माझ्या तळाशी साचून राहायचं. बाहेर पडायला त्याला वाटच नव्हती.

दुसरी म्हणजे रंग. दर मोसमाआधी एका रविवारी ही सगळी मंडळी डबे-ब्रश घेऊन यायची आणि आम्हा बारा जणांना क्लबचा निळा रंग द्यायची. फार प्रेमानं द्यायची. पण जुना रंग खरवडायची सक्त मनाई. का, तर खाली चषकाच्या वर्षीचा थर आहे. तो निघाला तर क्लबचं नशीब निघालं. म्हणून थरावर थर चढत गेले. भोकावर रंगाचे ओघळ आले, पण ते बुजलं नाही. बाहेरून मी दरवर्षी नवाकोरा दिसायचो, आणि आतून पापुद्रे सुटून माझ्याच पोटात पडत होते. तो आवाज फक्त मला ऐकू यायचा.

पुढे डावखुरा खेळातून निवृत्त झाला आणि त्याच्या सन्मानार्थ एक रीत सुरू झाली. प्रत्येक मॅचच्या अकराव्या मिनिटाला अख्ख्या स्टँडनं अकरा उड्या मारायच्या. बाराशे माणसं, एकाच ठेक्यावर. ठेका देणारी वेल्डरची मुलगी. हॉस्पिटलात नर्स आहे, पण मॅचच्या दिवशी गळ्यात मोठा ड्रम अडकवून माझ्यापासून दोन हातांवर उभी राहते. मला ती फार आवडते, आणि तिची मला फार भीतीही वाटते.

मैदानावरचं घड्याळ मला दिसतं. सातवं मिनिट झालं की माझे बोल्ट कुरकुरायला लागतात. नवव्याला मी मनातल्या मनात सगळ्यांची माफी मागून ठेवतो. मग ड्रम वाजतो. एक. दोन. तीन. कधी संपतंय असं होतं.

गेल्या मोसमातल्या शेवटून दुसऱ्या मॅचला नवव्या उडीला मी केसभर खाली बसलो. खोटं नाही सांगत. जीव नुसता तळाशी गेला. गोंगाटात कोणाच्याच ध्यानात आलं नाही, पण वेल्डरची पाठ मला टेकलेली होती. तो गर्रकन वळला.

मॅच संपल्यावर तो मागे राहिला. खिशातल्या पान्यानं पाचव्या खांबाला ठोकलं. ठण्ण. सातव्याला ठोकलं. ठण्ण. मला ठोकलं तर नुसतं भद. त्यानं भोकात बोट घातलं, ते तांबड्या चिखलानं माखून बाहेर आलं. तो खालच्या बाकावर बसला आणि बराच वेळ त्या बोटाकडे बघत राहिला.

"माझंच भोक," तो पुटपुटला.

त्याचं दुखणं मला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी क्लबची कमिटी हा स्टँड पाडायला निघाली होती, तेव्हा याच माणसानं भरसभेत उभं राहून सांगितलं होतं, "लोखंड मला कळतं. अजून पन्नास वर्षं याला धक्का लागत नाही." त्याच्या शब्दावर स्टँड वाचला. आता तोच शब्द त्याला गिळायचा होता.

तो आठवडाभर गप्प बसला. मी रोज वाट बघायचो की कोणीतरी येईल, फाटकाला कुलूप लावेल. कोणी आलं नाही. आणि मोसमाची शेवटची मॅच उजाडली. स्टँड खच्चून भरला. वाटेतसुद्धा लोक उभे होते.

"बाळा, आज उड्या नको," वेल्डर मुलीला म्हणाला.

"काहीतरीच काय बाबा? आज तर चारी बाजूंनी लोक आलेत."

"नको म्हटलं ना."

"का पण?"

त्यानं पायाजवळची पिशवी उचलून मांडीवर घेतली. ती हसली आणि ड्रमचा पट्टा आवळू लागली. सातवं मिनिट. आठवं. भीतीनं मी इतका गार पडलो होतो की भर उन्हात माझ्या अंगाला हात लावणारा चरकला असता. बोल ना रे बाबा, मी म्हणत होतो. मला तोंड नाही, तुला आहे.

नवव्या मिनिटाला त्यानं पिशवीतून पटाशी काढली आणि माझ्या बुडाशी रंग खरवडायला सुरुवात केली.

"अहो, वेड लागलं का?" बाई किंचाळल्या. पोस्टमननं त्याचा हात धरला. "चषकाचा थर आहे तो! हात मोडीन तुझा!"

वेल्डरनं हात झटकला. निळा रंग पुठ्ठ्याएवढा जाड निघाला, आणि त्याच्याखाली लोखंडच नव्हतं. नुसता तांबडा भुगा. त्यानं स्क्रूड्रायव्हर टेकवला. जोर न लावता तो मुठीपर्यंत आत गेला. तो काढताच तिथून कुजकं पाणी वाहत मुलीच्या बुटांवर आलं.

"वरचं हे भोक मी पाडलंय," तो म्हणाला. "आणि आठ दिवस मला माहीत आहे. खाली उतरा सगळे. पळू नका, पाय आपटू नका."

घड्याळात अकरावं मिनिट लागलं. मुलीनं काठी खाली ठेवली. पण पलीकडच्या टोकाला काही कळलंच नव्हतं. ड्रमची वाट बघून त्यांनी आपणच सुरुवात केली. एक. दोन. तिसऱ्या उडीला माझी शिवण वीतभर उसवली, आणि तिचा कर्र आवाज सगळ्यांना ऐकू आला. उड्या थांबल्या. एवढी मोठी शांतता त्या मैदानानं कधी ऐकली नसेल.

मग ती नर्स बाकावर चढली आणि हॉस्पिटलात बोलतात तशा आवाजात एकेक रांग उतरवू लागली. आधी म्हातारे, मग लेकुरवाळे, मग बाकीचे. पोस्टमन पाठमोरा उभा राहून रडत होता. बाईंनी त्याला दंडाला धरून नेलं. माझ्यावरचं ओझं माणसामाणसानं कमी होत गेलं. शेवटी वर फक्त वेल्डर उरला. मुलीनं खालून हाक मारली तेव्हा तो उतरला.

त्याला तीन महिने झाले. पोस्टमन अजून वेल्डरशी बोलत नाही. स्टँड पाडायचं ठरलंय, आणि कापायचं काम वेल्डरनंच मागून घेतलंय. आज सकाळी तो मुलीला घेऊन आला होता. माझ्या कमरेवर त्यानं खडूची रेघ मारली.

"आठ दिवस गप्प का बसलात, बाबा?" तिनं विचारलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच विचारत असावी.

"भीती वाटली गं," तो म्हणाला. खडू पकडलेला त्याचा हात तिनं आपल्या हातात घेतला.

वाचकांनो, तुमच्याही लाडक्या जागा असतील. रंग जरूर द्या, पण आधी एकदा खरवडून बघत जा. एवढं माझं ऐका.

उद्या सकाळी गॅसची ज्योत लागेल. मला अतोनात भीती वाटतेय, ते काही लपवत नाही. वेल्डरला एकच विनवणी आहे. बाबा रे, ज्योत टेकवण्याआधी एकदा मान वर करून नीट बघ. एकदा बघितलंस तरी पुन्हा बघ. वर कोणी बसलेलं नाही ना?