मोठ्या ठिपक्याची पिल्लं

मला कोंबड्यांमधलं ओ की ठो कळत नव्हतं, हे आधीच सांगते. अख्खं आयुष्य शिवणयंत्रावर गेलं. लोकांच्या पँटी आखूड कर, चेन बदल, हेच माझं काम. पण दुकानामागच्या मोकळ्या जागेत चार कोंबड्या फिरताना बघाव्यात असं फार वाटायचं. आणि खरं सांगू का? कोंबड्या हे निमित्त. मला धाकट्या भावाकडे जायला काहीतरी कारण हवं होतं.

आई गेली तेव्हा तिच्या आजारपणात कोण किती धावलं यावरून आमची जुंपली होती. मी वाट्टेल ते बोलले, तो वाट्टेल ते बोलला, आणि मग बोलणंच बंद झालं. मधल्या काळात त्यानं कुठल्याशा दुर्मीळ जातीच्या कोंबड्या पाळायला घेतल्या. अंगभर करडे पट्टे असतात म्हणे, लांबून लोक पिल्लं न्यायला येतात म्हणे. सख्ख्या भावाची खबर मला बाहेरून कळायची! शेवटी मीच फोन केला. म्हटलं, "मला पिल्लं हवीत. विकत घेणार, फुकट नकोत." तो म्हणाला, "ये की तायडे."

तायडे म्हणाला! त्या दिवशी मी एका गिऱ्हाईकाच्या पँटीचा एकच पाय आखूड करून ठेवला.

त्याच्याकडे मोठ्या खोक्यात, दिव्याच्या उबेला, काळी काळी पिल्लं दाटीवाटीनं बसली होती. प्रत्येकाच्या डोक्यावर पांढरा ठिपका, कुणाचा लहान, कुणाचा मोठा. "जेवढा ठिपका मोठा तेवढी जात अस्सल," तो म्हणाला. "तुला तसलीच देतो." एकेक पिल्लू उचलून दिव्यासमोर धरायचा, डोकं निरखून बघायचा. लहान ठिपका असला की परत खोक्यात, मोठा असला की माझ्या टोपलीत.

"माद्याच आहेत ना सगळ्या?" मी विचारलं. "शेजारी रात्रपाळीचा ड्रायव्हर राहतो, तो सकाळी झोपतो. मी त्याला शब्द दिलाय, कोंबडा ठेवणार नाही म्हणून."

"माझ्यावर विश्वास नाही का तुझा?"

मला इतकं भरून आलं की विचारल्याचीच लाज वाटली.

पुढे मी त्या पिल्लांपायी वेडी झाले. रात्री उठून दिवा बघायचा, पाणी बघायचं. आमचे हे म्हणायचे, "माझ्या तापात कधी एवढी उठली नाहीस." पिल्लं मोठी व्हायला लागली तसे ह्यांना प्रश्न पडायला लागले. "यांचे तुरे एवढ्यात लालभडक कसे झाले गं?"

"जातच तशी आहे."

"आणि एकमेकांच्या अंगावर का धावून जातात?"

"तुमच्या भावांवर गेलीत," मी म्हटलं.

मग एका पहाटे मागच्या अंगणातून घशात काहीतरी अडकल्यासारखा आवाज आला. तो थांबतो तोवर दुसरीकडून आला. उजाडेपर्यंत सगळ्यांनी मिळून गल्ली डोक्यावर घेतली. सगळे! औषधालासुद्धा एक कोंबडी नव्हती. ड्रायव्हर बनियनवरच दारात आला, डोळे तांबारलेले. भांडला असता तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाला, "ताई, तुम्ही शब्द दिला होता." मला तोंड कुठे लपवू असं झालं.

"भावानं तुझ्या गळ्यात मारले," हे म्हणाले.

मी कडाडले, "खबरदार माझ्या भावाला काही बोललात तर! एवढ्याशा पिल्लाचं कुणाला काय कळतंय? त्यालाही कळलं नसेल." आणि तशीच त्याच्याकडे निघाले. वाटेत ठरवलंसुद्धा, की त्याला वाईट वाटेल असं काही बोलायचं नाही.

तो घरी नव्हता. भावजय कोंबड्यांना दाणे टाकत होती. मला बघून हसली. "बरं झालं हो ताई, तुम्ही ते मोठ्या ठिपक्याचे सगळे नेलेत. नरांना गिऱ्हाईकच मिळत नाही. काय करायचं त्यांचं म्हणून ह्यांच्या डोक्याला नुसता ताप होता."

"मोठा ठिपका म्हणजे नर?"

"हो ना. या जातीत पहिल्याच दिवशी ओळखता येतं. म्हणून तर लोक लांबून—" माझा चेहरा बघून ती थांबली.

तेवढ्यात तो आलाच, खांद्यावर खाद्याचं पोतं घेऊन. काय झालंय ते त्याला लगेच कळलं. पोतं टाकून हसायला लागला. "अगं, तुला कुठे काय कळणार होतं? वाटलं, हौस आहे, सांभाळशील. परत आण, मी बघतो त्यांचं काय करायचं ते. पुढच्या वेळी माद्या देतो, देवाशप्पथ."

एका बटणावरून गिऱ्हाईकाशी तासभर हुज्जत घालणारी मी! माझ्या तोंडून एवढंच आलं, "मला पिल्लं नको होती रे."

"मग काय हवं होतं?"

खरंच विचारलं त्यानं. त्याला माहीतच नव्हतं.

घरी येईपर्यंत डोळ्यांसमोर तेच. तो दिव्यासमोर एकेक पिल्लू धरून बघतोय, आणि मी शेजारी उभी राहून डोळे पुसतेय, की बघा, किती मायेनं निवडतोय माझ्यासाठी.

दुकानाच्या पायरीवर ड्रायव्हर ह्यांच्याशी बोलत उभा होता. झोप नव्हतीच झालेली, पण राग उतरला होता. "ताई, तुम्हालाच कुणीतरी टोपी घातलीये," तो म्हणाला. "कोण आहे तो सांगा, आपण जाऊन जाब विचारू."

हे माझ्याकडे बघत होते. मी कुलूप काढलं, आत जाऊन यंत्रावरचं कापड सरकवलं.

"जाऊ द्या हो," मी म्हटलं. "ओळखीतलं नव्हतं कुणी."